गाडीत ओबीडी रीडर बसवताय? या चुका टाळा

अक्कलकोट रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करून मला १९ वर्षं झाली. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा. ती वाचणारा स्कॅनर पूर्वी फक्त मोठ्या वर्कशॉपमध्ये असायचा. आता काडेपेटीएवढा ब्लूटूथ रीडर कुणीही ऑनलाइन मागवतो, स्टिअरिंगखाली खुपसतो आणि मोबाइलवर इंजिनचं टेम्परेचर बघत पुण्याला निघतो. ही सवय चांगलीच आहे. मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ ला टेकलेला असताना कूलंट ९० वर आहे की ११० कडे चढतंय, हे ड्रायव्हरला कळायलाच पाहिजे. पण बसवताना लोक त्याच त्या चुका करतात आणि मग गाडी माझ्या दारात येते.

पायाशी लोंबणारी वायर

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. ओबीडीचा पोर्ट, म्हणजे रीडर खुपसायचं सॉकेट, ड्रायव्हरला बसल्या जागेवरून हात पुरेल असा द्यावा लागतो, म्हणून तो डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, गुडघ्याजवळ असतो. त्याच्या बरोबर खाली पेडल. रीडर लावला की तो बाहेर येतो आणि चढता-उतरता गुडघा लागतो. मग माणूस एक्स्टेंशन केबल आणतो. लागते वीतभर, आणतो मीटरभर. उरलेल्या केबलचं वेटोळं करून वर कोंबतो, त्यावर काळ्या टेपचे दोन वेढे मारतो आणि म्हणतो, झालं काम.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात मोहोळकडचा एक पोरगा भाड्याची डिझेल गाडी घेऊन तुळजापूरहून परत येत होता. मागे पाच माणसं, रस्त्याच्या कडेनं देवीला पायी निघालेली गर्दी. घाटाच्या उतारावर वेटोळं सुटून खाली आलं आणि त्याच्या बुटात अडकलं. क्लचवरून पाय उचलताना केबल ताणली गेली आणि टोकाला लोंबणारा रीडर ब्रेकच्या पेडलमागे जाऊन पडला. त्यानं ब्रेक मारला तर पेडल अर्ध्यातच अडलं. पोरगा डोक्यानं शांत म्हणून वाचला. गिअर खाली पाडला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डाव्या कडेच्या मातीत घातली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभा राहून सांगताना त्याचे हात थरथरत होते. "मामा, पेडल दबेचना. मला वाटलं ब्रेकच गेले."

ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. तो रीडर आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. प्लास्टिकवर पेडलच्या दांडीची आडवी खाच उमटलीय, एक कोपरा चेपलाय. टेपचा गोंद विरघळून चिकट काळा लगदा झालाय. साध्या पीव्हीसी टेपचं आपल्या उन्हाळ्यात हेच होतं. दारं बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून इतकी तापते की गोंद ओघळतो आणि वेढे आपोआप घसरतात. घाई असणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तो रीडर हातात देतो आणि बसायला स्टूल देतो.

आता मी कसं करतो ते सांगतो. आधी गाडी ज्याची आहे त्यालाच सीटवर बसवतो आणि सीट त्याच्या नेहमीच्या जागेवर आणायला सांगतो. तिन्ही पेडल तळापर्यंत दाबायची, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं, टिल्ट असेल तर वरखाली करायचं. मी टॉर्च घेऊन खाली वाकून बघतो, काय काय हलतंय. जे हलतं त्याला केबल बांधायची नाही. म्हणजे स्टिअरिंग कॉलम बाद, पेडलची दांडी बाद. डॅशबोर्डच्या आतला पक्का ब्रॅकेट शोधायचा. चपटी केबल घ्यायची, एका फुटाच्या आसपासची. गोल जाड केबल कोपऱ्यात वळत नाही आणि सारखी बाहेर उसळते. कंपनीच्या वायरिंगवर असतो तसला कापडी टेप गुंडाळायचा, दोन ठिकाणी झिप टाय मारायचे आणि टायचं टोक नेलकटरनं अगदी मुळाशी कापायचं. पक्कडनं तिरकं कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं. पुढं फ्यूज बदलायला हात घालणाऱ्याचा हात फाटतो, माझा दोनदा फाटलाय.

रीडर स्वतः फ्यूज बॉक्सच्या झाकणाशेजारी किंवा खालच्या पॅनेलच्या आत ठेवायचा, खडखडू नये म्हणून फोम गुंडाळून. पूर्ण पत्र्याच्या मागे ढकलू नका, ब्लूटूथ तुटत राहतं. डबल टेपवर तर अजिबात भरवसा ठेवू नका, एप्रिल संपेपर्यंत तो सुटतो. आणि पिवळ्या वेष्टणाची वायर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं की हात मागे घ्या. ती एअरबॅगची लाइन आहे, तिला टायसुद्धा बांधायचा नाही.

रीडर कायमचा लावून ठेवणं

पोर्टमध्ये १६ पिना असतात. ४ आणि ५ नंबरला अर्थिंग, ६ आणि १४ वर कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरी), आणि १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस थेट येतो. चावी काढली तरी तो चालूच राहतो. म्हणजे रीडरचा दिवा रात्रभर जळतो.

जुळे सोलापूरचे एक गुरुजी लेकीच्या बाळंतपणासाठी सांगलीला रेल्वेनं गेले, गाडी दारात उभी. २० दिवसांनी आले तर सेंट्रल लॉकसुद्धा उघडेना. कुणीतरी बॅटरी खराब म्हणून सांगितलं, त्यांनी नवी घातली. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. मग माझ्याकडे आले. मी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मध्ये मीटर लावला आणि अर्धा तास चहा घेत बसलो, कारण गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक युनिटं झोपेपर्यंत, म्हणजे आपोआप बंद होईपर्यंत, थांबावंच लागतं. मीटर ६३ मिलिअँपिअरवर स्थिर झाला. रीडर उपसला, १८ वर आला. म्हणजे एकटा रीडर ४५ खात होता. ६३ च्या हिशेबानं दिवसाला दीड अँपिअर-अवर, २० दिवसांत ३०. त्यांची बॅटरी ३५ ची. गुरुजींना हिशेब मांडून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्पच बसले. एक चांगली बॅटरी उगाच भंगारात गेली होती.

रोज गाडी चालवणाऱ्याला हा त्रास जाणवत नाही, म्हणून तो विश्वास ठेवत नाही. मी स्विच असलेली एक्स्टेंशनच वापरतो. स्विच हाताला लागेल असा पॅनेलच्या कडेला येतो, चावी काढताना तोही बंद. आठवड्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर रीडर सरळ काढून ठेवा. आणि मीटर लावताना १० अँपिअरच्या खाचेतच लावा. मिलिअँपिअरच्या खाचेत लावून कुणी दार उघडलं की मीटरचा फ्यूज गेलाच.

कोड दिसला की पुसला

चेक इंजिनचा दिवा लागला, रीडरनं कोड (बिघाडाचा नंबर) वाचला, लगेच क्लिअर दाबलं. असं करू नका. कोडसोबत त्या क्षणाचा आरपीएम, टेम्परेचर, लोड असं सगळं नोंदलेलं असतं, ते पण पुसलं जातं. मग मिस्त्री आंधळा होतो. आधी स्क्रीनशॉट घ्या. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, एवढंच सांगतो. व्हॅक्यूमचा फुटका पाइप आहे, मळलेला सेन्सर आहे की पेट्रोलचं प्रेशर कमी आहे, हे हुडकावं लागतं. कोड वाचून थेट सेन्सर मागवणाऱ्या नवशिक्यांनी किती पैसे घालवलेत, हे मी रोज बघतो.

स्वस्त रीडरच्या डबीवर ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) आणि खाली १.५ लिहिलेलं असतं. मूळ कंपनीनं १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नाही, ती नक्कल आहे. साधे कोड वाचायला चालते, पण गाडीनं प्रतिसाद दिला नाही म्हणून गाडीला दोष देऊ नका, आधी दुसरा रीडर लावून बघा.

आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ रीडर घेऊ नका, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) घ्या.

आपल्याकडं चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे या यंत्रणेचा दुसरा टप्पा, एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत पोर्टचा आकार तोच दिसला तरी रीडर बोलेलच असं नाही.

पोर्टमध्ये रीडर जोरानं ढकलू नका. त्याची एक बाजू रुंद, एक अरुंद असते, उलटा बसतच नाही. डाव्या हातानं पोर्टला मागून आधार द्या आणि मग दाबा, नाहीतर पोर्टच क्लिपमधून निसटून आत जातो आणि अख्खं पॅनेल खोलावं लागतं.

आणि रीडरचा दिवाच लागत नसेल तर तो परत पाठवण्याआधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत पोर्ट आणि सिगारेट लायटरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. लायटरमध्ये टायरचा हवा पंप लावून फ्यूज उडवलेला असतो आणि गिऱ्हाईक मला सांगतं की रीडर खराब निघाला. फ्यूज ज्या अँपिअरचा होता त्याच अँपिअरचा घाला. १५ च्या जागी ३० चा घातलेला मी काढून टाकतो, तो परत बसवून देत नाही.