फाशांची संभाव्यता काढताना या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितातील संभाव्यतेचे प्रकरण लहान आहे आणि बहुधा म्हणूनच ते घाईने उरकले जाते. उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांतील बहुतेक आकडेमोडीच्या नसून नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची (परिणामांची) पूर्ण यादी, न लिहिता उत्तराकडे धाव घेतल्यामुळे झालेल्या असतात.

सर्वांत चिवट चूक म्हणजे दोन फाशांच्या ३६ ऐवजी २१ निष्पत्ती धरणे. (२, ५) आणि (५, २) या एकच मानल्या की २१ जोड्या उरतात. एका वर्गात एक हुशार विद्यार्थी या मतावर अडून बसला होता. फासे हुबेहूब सारखे असताना या दोन निष्पत्ती वेगळ्या कशा, असे तो विचारत होता, आणि त्याचा प्रश्न रास्त होता. म्हणून वाद न घालता मी त्याच्याच हिशेबातून निघणारे भाकीत फळ्यावर लिहिले. २१ जोड्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्य, असतील, तर दोन्ही फाशांवर समान अंक येण्याची संभाव्यता ६/२१ ठरते आणि ६० वेळा फासे टाकल्यास असे सुमारे १७ वेळा घडायला हवे. ३६ धरल्यास ती ६/३६ ठरते आणि अपेक्षा १० वेळांची राहते. मुलांनी गट करून फासे टाकले, नोंदी एकत्र केल्या, आणि समान अंकांचे प्रमाण एकषष्ठांशाच्या जवळ आले. मग एका फाशाला लाल शाई लावली. रंगामुळे फाशाचे पडणे बदलत नाही, तो केवळ आपल्याला ओळखता येतो, हे त्या मुलाला तेव्हा पटले. लायब्निट्झसारख्या गणितज्ञानेही दोन फाशांवर ११ आणि १२ या बेरजा सारख्याच शक्य मानल्या होत्या; प्रत्यक्षात ११ दोन प्रकारे येते आणि १२ एकाच प्रकारे.

दुसरी चूक ‘किमान एका फाशावर ६’ या प्रश्नात होते. १/६ आणि १/६ मिळवून १/३ लिहिले जाते, पण त्यात (६, ६) दोनदा मोजली जाते. याच रीतीने सहा फाशांसाठी १ उत्तर येईल, म्हणजे ६ येणे निश्चित ठरेल, आणि सात फाशांसाठी उत्तर १ च्याही पुढे जाईल, एवढे तपासले तरी चूक उघडी पडते. ‘किमान एक’ दिसताच मी आधी ‘एकही नाही’ मोजतो: २५ निष्पत्तींत ६ नाही, म्हणून उत्तर ११/३६.

दोन फाशांची बेरीज ‘१० पेक्षा जास्त’ आणि ‘किमान १०’ यांत फरक आहे: पहिल्याचे उत्तर ३/३६, दुसऱ्याचे ६/३६.

एखादी बेरीज किती प्रकारे येते हे काढण्यासाठी त्या बेरजेचे ७ पासूनचे अंतर ६ मधून वजा करण्याची क्लृप्ती हल्ली फार सांगितली जाते. ती दोन फाशांसाठी खरी आहे, पण का खरी आहे हे न समजता पाठ करणारे विद्यार्थी ती तीन फाशांनाही लावतात, आणि तिथे १० ही बेरीज तीन प्रकारे येते असे निघते; प्रत्यक्षात २१६ पैकी २७ निष्पत्तींत ती येते. तीन फाशांवर ९ आणि १० या दोन्ही बेरजांचे क्रम सोडून सहा-सहाच गट पडतात, तरी १० अधिक वेळा येते. गॅलिलिओने त्याचे कारण क्रम मोजून दाखवले: ९ साठी २५, १० साठी २७. नवशिक्याने सहा ओळी आणि सहा रकान्यांचा तक्ता हाताने काढावा असा माझा आग्रह आहे, कारण त्यात बेरजा तिरप्या रेषांत दिसतात आणि क्लृप्ती आपोआप समजते.

ल्युडो खेळताना दहा वेळा ६ आला नाही, म्हणून आता तो येण्याची शक्यता वाढली, असे मानणे चूक आहे. अकराव्या वेळीही ती १/६ च असते.

अपूर्णांकाला संक्षिप्त रूप शेवटीच द्यावे. १/९ आणि १/१२ यांपेक्षा ४/३६ आणि ३/३६ यांची तुलना सोपी असते, आणि छेदातील ३६ वरून नमुना अवकाश पूर्ण धरला होता की नाही, हे तपासताना लगेच कळते.