आधी ताटलीत, मग पिशवीत

पार्सलमध्ये चटणी राहून जाते? पोऱ्यावर ओरडून काही होत नाही, कामाची मांडणीच बदला. १९६१ मध्ये जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्याने एका कारखान्यात हेच केलं. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. शिंगो म्हणाले, दोन्ही स्प्रिंगा आधी बशीत काढा, मग बसवा. बशीत एखादी उरली की चूक तिथेच दिसते.

तुमच्या काउंटरवरही ऑर्डर आली की इडली, सांबार, चटणी, चमचा सगळं आधी ताटलीत काढायचं. ताटली रिकामी झाली तरच पिशवीला गाठ. भिंतीवर यादी चिकटवण्यापेक्षा हे बरं. सकाळी नऊच्या गर्दीत भिंतीकडे बघतंय कोण! फक्त एका ताटलीत एकच ऑर्डर.