अर्जातला ‘ज्ञ’ : सीमाभागातील मुलांना कॉलेजपर्यंत पोहोचवताना

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या हायस्कुलांतील मुलांना दहावीनंतरच्या वाटा दाखवण्याचे आणि बारावीनंतर त्यांच्याकडून कॉलेजचे अर्ज भरून घेण्याचे काम मी गेली सात वर्षे नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी करीत आहे. यंदा काही पदवीधर मुले-मुली या कामात नव्याने येत आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘सीईटीची तयारी केव्हापासून करून घ्यायची?’ हे शब्द आधी समजून घ्या: पीयूसी म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावी, सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, रँक म्हणजे तिच्यातून ठरणारा गुणवत्ता क्रमांक आणि ऑप्शन एंट्री म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरणे. मला सांगायचे आहे ते वेगवेगळ्या कागदांवर न जुळणाऱ्या नावांविषयी. ते सीईटीच्या फार आधी, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात सुरू होते, आणि त्यात मी स्वतः दोनदा फसलो आहे. एकदा विद्यार्थी म्हणून आणि एकदा, अधिक लाजिरवाण्या रीतीने, मदतनीस म्हणून.

माझ्या वडिलांच्या नावात ‘ज्ञ’ आहे. मराठी माणूस हे अक्षर ‘द्न्य’ असे उच्चारतो आणि इंग्रजीत डी, एन, वाय अशी सुरुवात करून लिहितो. कन्नडमध्ये त्याच अक्षराचा उच्चार वेगळा होतो आणि इंग्रजी स्पेलिंग जे, एन असे सुरू होते. खानापूरहून बेळगावला बसने येताना मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे आवार लागते. त्या आवाराचे नाव ‘ज्ञान संगम’ आहे आणि इंग्रजीत ते ‘जे’नेच लिहितात. मी त्या बसने कितीतरी वर्षे जा-ये केली, पण ही गोष्ट आपल्याला एक दिवस महागात पडेल असे कधी मनात आले नाही. माझ्या शाळेच्या गुरुजींनी पहिलीच्या रजिस्टरात वडिलांचे नाव मराठी पद्धतीने लिहिले आणि तेच पुढे दहावीच्या गुणपत्रकावर छापून आले. जात-उत्पन्नाचा दाखला मात्र संगणकावर ‘जे’ घालून निघाला. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले आणि पलीकडून शांतपणे विचारणा झाली, ‘हे दोघे कोण?’ कोणी माझ्यावर डाफरले नाही, कोणी लाच मागितली नाही. माझा 3बी प्रवर्गाचा (कर्नाटकातील मागासवर्गीय आरक्षणाच्या एका गटाचा) दावा मान्य झाला नाही, मी जनरल मेरिटमध्ये, म्हणजे खुल्या गटात, गेलो आणि ज्या कॉलेजची फी आम्हाला परवडली असती ते हातून गेले. त्या संध्याकाळी वडील घरी एवढेच म्हणाले, ‘माझंच नाव आडवं आलं.’ हे वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच या एका मुद्द्यावर मी कंटाळा येईल इतके लिहिणार आहे.

प्रत्येक मुलाचे आणि त्याच्या आई-वडिलांचे नाव किमान पाच ठिकाणी नोंदलेले असते: शाळेचे रजिस्टर आणि त्यातून उतरणारे दहावीचे गुणपत्रक, शिक्षण खात्याच्या एसएटीएस या संगणकीय यादीतील विद्यार्थ्याची नोंद, आधार कार्ड, नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून) मिळणारा जात-उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक. आपल्याकडे ही पाचही नावे एकसारखी असणे हा अपवाद आहे. आपल्या शाळा आडनाव आधी लिहितात, आधारवर ते शेवटी जाते, आणि कर्नाटकातील अनेक अर्जांमध्ये आडनावाचे एक आद्याक्षर होऊन ते नावाच्या मागे किंवा पुढे चिकटते. लक्ष्मणमध्ये कोणी ‘एक्स’ घालतो, कोणी ‘के, एस, एच’. वामनचा आरंभ कोणी ‘डब्ल्यू’ने करतो, कोणी ‘व्ही’ने. घरात हा एकच माणूस असतो, पण संगणकाला ते ठाऊक नसते. सीईटी घेणाऱ्या कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या अर्जात दाखल्यावरचा आर.डी. नंबर भरला की दाखल्यावरील माहिती थेट मागवली जाते आणि ती अर्जाशी जुळावी लागते. हा नंबर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाच्या दाखल्याचा हवा. थोरल्या भावाचा किंवा वडिलांचा दाखला ‘घरचाच तर आहे’ म्हणून चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी नमुना डी, प्रवर्ग 1 साठी नमुना ई आणि 2ए, 2बी, 3ए, 3बी यांसाठी नमुना एफ असतो, तेव्हा नाडकचेरीत ‘दाखला द्या’ एवढेच सांगून मुलांना पाठवू नका.

आता माझी दुसरी चूक. जांबोटीच्या बाजूच्या जंगलातल्या एका वाडीतील मुलीचा अर्ज मी स्वतः भरत होतो. तिचे वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन खानापुरातील सायबरच्या बाकावर बसले होते; पिशवीला रबरबँडाचे तीन वेढे होते आणि प्रत्येक कागद काढून झाला की ते तिला पुन्हा तिन्ही वेढे घालीत. मी मुलीचे नाव पाचही कागदांवर तपासले आणि स्वतःवर खूश झालो. वडिलांचे नाव मात्र आधारवरून पाहून टाइप केले, कारण ते कार्ड वरच होते. दाखल्यावर त्यांच्या नावापुढे त्यांच्या वडिलांचे नाव जोडलेले होते, ते मी पाहिलेच नाही. ज्या गोष्टीने माझे कॉलेज हातून घालवले तीच गोष्ट मी दुसऱ्याच्या लेकीच्या अर्जात केली. अर्ज-दुरुस्तीची मुदत उघडली तेव्हा चूक निस्तरली, पण त्यासाठी त्या गृहस्थांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे मला अधिक लागले.

म्हणून नववीच्या वर्गात पहिले महिनाभर सीईटीचे नाव काढू नका. एक दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा आणि त्यावर पाच कागदांवरील नावे एकाखाली एक, अक्षर न अक्षर जसे आहे तसे, उतरवून काढा. ‘जवळपास सारखे आहे’ असा शेरा मारू नका. फरक असेल त्या अक्षराखाली लाल रेघ ओढा. दहावीच्या परीक्षेसाठी शाळा मुलांची यादी मंडळाकडे पाठवते, त्याआधी रजिस्टरातील नावाची दुरुस्ती हेडसरांच्या टेबलावर होऊ शकते. गुणपत्रक छापून आल्यावर तीच दुरुस्ती अर्ज, शुल्क आणि हेलपाटे मागते. गुणपत्रक एकदा आले की तेच मूळ माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. उलटे करू नका. नमुना एफच्या दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे तो नववी-दहावीत काढला तरी बारावीनंतरच्या अर्जाला पुरतो. मे महिन्यात नाडकचेरीसमोर लागणाऱ्या रांगेत उभे राहण्याची काही गरज नाही.

हे वाचून घाबरून जाऊ नका. नावातील बहुतेक फरक वेळेत दिसले तर दुरुस्त होतात, आणि नाडकचेरीतील माणसे नीट, मोडक्या का होईना पण कन्नडमध्ये बोलले की मदत करतात, असा माझा अनुभव आहे. आपली काही मंडळी तेथे मराठीचा आग्रह धरून वाद घालतात. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण मुलाच्या दाखल्याचे काम हातात असताना तो वाद घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

सीमाभागातील पालक हटकून विचारतात तो प्रश्न म्हणजे, ‘पोराला कोल्हापूरला घालू की इथेच ठेवू?’ कर्नाटकच्या सीईटीसाठी पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षे राज्यात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा येथून उत्तीर्ण, अशी मुख्य अट आहे. म्हणजे येथून दहावी होऊन अकरावी-बारावीला कोल्हापूरला गेलेल्या मुलाचा येथील हक्क संपत नाही, आणि ‘संपतो’ असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. उलट दिशेने, महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ अशी वेगळी पात्रता आहे. तिला सीमाभागातील रहिवासाचे आणि मातृभाषेचे अशी दोन प्रमाणपत्रे लागतात. मात्र येथील 3बीचा दाखला तेथील आरक्षणासाठी चालत नाही. दोन्हीकडे अर्ज करणे चांगले, पण कागदांचे दोन वेगळे गठ्ठे करा. वैद्यकीयकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा: नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते, त्यामुळे मराठी निवडणाऱ्याला बेळगावऐवजी पलीकडचे केंद्र घ्यावे लागते.

अभ्यासाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पीयूसी सायन्सच्या पहिल्या तीन महिन्यांत जे होते ते मी भोगले आहे. मला त्वरण म्हणजे काय ते उत्तम समजत होते. फळ्यावर ‘अ‍ॅक्सलरेशन’ आल्यावर शेजारच्याच्या वहीत डोकावून मी ते हळूच उतरवून घेतले आणि दोन आठवडे ते काहीतरी नवे प्रकरण आहे असे समजत राहिलो. तेव्हा नववीपासून विज्ञान-गणिताच्या प्रत्येक धड्यातील शब्द मराठी आणि इंग्रजी असे समोरासमोर लिहून घ्या. कर्नाटक सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते, मराठीत नसते. अभियांत्रिकीच्या रँकसाठी पीयूसीचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात, म्हणून बोर्डाची परीक्षा सोडून शेवटच्या महिन्यात हजारो रुपयांचा क्रॅश कोर्स लावणे मला मूर्खपणाचे वाटते. हे मत काहींना कडवट वाटेल. विषयाला 60 प्रश्न, 80 मिनिटे आणि चुकीला वजा गुण नाहीत, एवढे कळल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे हे कोणत्याही गरीब मुलाला फुकट जमते. नापास झालेल्यालाही सोडून देऊ नका. दहावी आणि पीयूसीला एकाच वर्षात पुन्हा परीक्षा देण्याची सोय आहे.

पैशाच्या बाबतीत आठवीलाच एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. अभियांत्रिकीला सुपरन्यूमररी कोट्याच्या, म्हणजे मंजूर जागांवरच्या जादा, 5 टक्के जागांवर, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांना, शिक्षणशुल्क माफ असते. अर्जातील त्या एका रकान्यावर ‘होय’ लिहायचे राहिल्याने मुले ती संधी गमावतात. बीसीएम (मागासवर्गीय कल्याण खात्याच्या) हॉस्टेलचा अर्जही वेळेत करा. पासबुक आधारशी जोडलेले नसेल तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नाही, म्हणून पाचव्या कागदावरही लाल रेघ तपासायची.

मार्गदर्शकांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. मुलाचा पासवर्ड आपल्याकडे ठेवणारा आणि अर्जात आपला मोबाइल नंबर देणारा मदतनीस मला आवडत नाही, मग तो कितीही सेवाभावी असो. सायबरवाल्याचा नंबर दिला तर ऐन ऑप्शन एंट्रीच्या रात्री ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो लग्नाला गेलेला असतो. नंबर घरातलाच हवा, आणि टाइप मुलानेच करायचे. तुम्ही शेजारी बसून कागद वाचून दाखवायचे. वेळ दुप्पट लागतो. लागू द्या.

जागा मिळाल्यावर चार पर्याय समोर येतात: घेतली आणि समाधानी, घेतली पण पुढच्या फेरीत आणखी चांगली हवी, सोडली पण पुढच्या फेरीत आहे, आणि पूर्णच बाहेर. हे चारही पर्याय मुलाच्या आई-वडिलांना घरच्या भाषेत, दोनदा सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या. जांबोटीच्या बाजूच्या त्या मुलीने दुसरा पर्याय निवडला तेव्हा तिच्या वडिलांनी मला विचारले, ‘म्हणजे हातचं सोडायचं नाही, आणि पुढंही बघायचं, असंच ना?’ मी होय म्हटले. मग त्यांनी पिशवीतून गुणपत्रक काढले आणि स्क्रीनवरचे स्वतःचे नाव त्याच्याशी एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवून पाहिले. ते पूर्ण होईपर्यंत बटण दाबायचे नाही, असे त्यांनी मुलीला बजावले होते.