गाडीच्या दाराचं हँडल तुटलं तर घरी बसवायचं की गॅरेजला द्यायचं, हे असं ठरवा

बाहेरचं हँडल ओढलं आणि ते नुसतंच सैल हातात आलं की लगेच गॅरेजला फोन लावू नका. आधी नेमकं काय गेलंय ते बघा, त्यावरच सगळं ठरतं.

पहिल्यांदा तेच दार आतून उघडून बघा. आतून उघडतंय पण बाहेरून नाही, म्हणजे लॅच (दाराच्या कडेला असलेली, दार बंद धरून ठेवणारी कडी) ठीक आहे, गेलंय ते हँडल किंवा हँडलपासून लॅचपर्यंत जाणाऱ्या रॉडची क्लिप, आणि हे काम घरी होतं. मागचं दार बाहेरून उघडतंय पण आतून नाही, तर काही खोलायच्या आधी चाइल्ड लॉक बघा, दाराच्या कडेला लॅचजवळ छोटा खटका असतो, तो चुकून सरकलेला असतो बऱ्याचदा. आणि दोन्हीकडून उघडतच नसेल तर सरळ मेकॅनिककडे द्या, बंद दाराची पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढताना मोडली तर हँडलपेक्षा कितीतरी महागात जाते.

हँडलवर लॉकचं बटण असेल तर आत वायर असते, आणि काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही दारातच असतो. अशी गाडी असेल तर मी तरी म्हणेन हात लावू नका.

आता हँडल कुठलं आहे ते बघा. मूठ धरून ओढायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत दाराच्या कडेला एक छोटं झाकण असतं, त्यामागचा स्क्रू सैल केला की हँडल सरकवून बाहेर येतं, पॅड काढायची गरजच नाही. जुन्या गाड्यांचं, खालून बोटं घालून वर उचलायचं हँडल मात्र आतून नटांवर असतं, बहुतेक १० नंबरचा पाना लागतो आणि पॅड काढावीच लागते. काच पूर्ण वर करा, आतल्या हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढा, मग कडेने प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर रंग जातो.

पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो फाडू नका, हळू सोडवा आणि नंतर नीट परत चिकटवा, नाहीतर पावसाळ्यात दारात उतरणारं पाणी गाडीत येतं, मॅट ओलं होतं आणि महिनाभर वास जात नाही.

खरं जपायचं काम म्हणजे रॉडची क्लिप. नखाएवढी असते, रॉडला मिठी मारून बसलेली, ओढायची नाही, फिरवून रॉडवरून सोडवायची. सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. माझ्या हातून एक तुटली तेव्हा मी तार गुंडाळून काम भागवलं, पंधरा दिवसांत तार सुटली आणि आई बाहेर पावसात दार ओढत उभी. तेव्हापासून नवीन क्लिप मिळाल्याशिवाय मी दार बंद करत नाही, आणि अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला दार उघडता आलंच पाहिजे ना.

हँडल घेताना जुनं सोबत न्या, डावं-उजवं तपासा. काळं हँडल स्वस्त पडतं, गाडीच्या रंगाचं हवं असेल तर पेंटिंगचा खर्च वेगळा धरा. चावीचं दार असेल तर जुन्या हँडलमधलं कुलूप नव्यात बसवून घ्या, नाहीतर दोन चाव्या सांभाळाव्या लागतात.

बसवून झालं की दार उघडंच ठेवा. लॅच स्क्रूड्रायव्हरने आत ढकला, टक-टक असे दोन आवाज येतात, मग बाहेरचं हँडल ओढा, लॅच झटकन सुटलं पाहिजे. हे आठ-दहा वेळा करा, चावीनेही बघा. मगच दार लावा, आणि पहिल्यांदा लावताना काच खाली ठेवा, म्हणजे काही अडकलंच तर हात आत घालता येईल.