संस्थेचा ब्लॉग सुरू करण्याआधी हाताशी काय असावं

लॅपटॉप उघडण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कार्यकर्ते दिवसभर गावं फिरून संध्याकाळी ऑफिसला येतात आणि चहा पिता पिता जे बोलतात, तेच खरं लिहिण्यासारखं असतं. कोणत्या विहिरीला यंदा पोळ्यापर्यंत किती पाणी होतं, बचत गटाच्या बैठकीत कोणी पहिल्यांदा तोंड उघडलं, हे त्याच संध्याकाळी तारीख घालून टिपून ठेवा. महिनाभर वही भरली की दोन-तीन लेखांचा माल आपोआप जमतो. ते दोन-तीन लेख पूर्ण लिहून तयार असल्याशिवाय ब्लॉग उघडू नका. दीपप्रज्वलन झालं, मान्यवरांचा सत्कार झाला, हे अहवालात असू द्या. वाचणाऱ्याला विहीर बघायची असते.

सगळ्यात जास्त वेळ संमतीला द्या. मी स्वतः इथे चुकले आहे. एका एकल महिलेची गोष्ट मी मोठ्या मायेने लिहिली, फोटोला तोंडी होकारही घेतला होता. छापून तिच्या घरी नेली, ओसरीवर बसून वाचून दाखवली. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. फोटोत मागच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो आला होता. म्हणाली, "नाव टाका ताई, पन घराचा फोटो नोका टाकू. पोरीचं लगन जुळवाचं हाये." तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, मग मराठीत लिहिलेल्या साध्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि उद्या नको वाटलं तर लेख काढून टाकू हेही त्यातच लिहायचं. काही बाबतीत तर संमतीचा प्रश्नच येत नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापायला पोक्सो कायदा, 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम 23 ने मनाई आहे. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 सुद्धा तेच सांगतं. नाव बदललं पण गाव, शाळा, वडिलांचा धंदा तसाच ठेवला, तर पाचशे उंबऱ्यांच्या गावात ओळखायला कितीसा वेळ लागतो?

जुने अहवाल वापरणार असाल तर ते कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असण्याची शक्यता फार. तसेच चिकटवले तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्या आणि नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते.

खातं संस्थेच्या नावाच्या ईमेलवरून काढा. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसची फुकटची सोय सुरुवातीला पुरे आहे. पासवर्ड दोघांकडे असावा, त्यातला एक विश्वस्त. उत्साही पोरगा स्वतःच्या जीमेलवर सगळं उभं करतो, मग पुण्याला नोकरी लागते आणि चावी त्याच्याबरोबर जाते. स्वतःचं डोमेन, म्हणजे संस्थेच्या नावाचा वेबपत्ता, घेतलं तर दरवर्षीच्या नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात मांडा.

'आमच्याविषयी' या पानासाठी नोंदणी क्रमांक आणि पत्ता काढून ठेवा. देणगीवर आयकरात सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) मिळते असं लिहायचं तर मंजुरीची मुदत आधी तपासा. फोटो काढताना मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवा, आणि चार-पाच एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीवर आणूनच टाका. आपल्याकडे रेंज शोधत झाडाखाली उभं राहणारा वाचकही आहे.

महिन्याला एक लेख, एवढंच ठरवा. ज्या महिन्यांत पेरणी आणि कापूस वेचणी येते त्यांचे लेख मात्र आधीच वाचून दाखवून, सही घेऊन ठेवा. त्या दिवसांत बाया अंधार पडेपर्यंत वावरातून परतत नाहीत.