घोड्याच्या रक्तातले परजीवी: तपासणीतल्या या चुका टाळा

काशीद, नागाव, मुरुडच्या किनाऱ्यावर दिवाळीच्या सुट्टीत घोड्यांना उसंत नसते. पावसाळ्यात वाढलेल्या गोमाश्यांनी पसरवलेला सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग नेमका याच सुमारास डोकं वर काढतो. घोडा चंदी नीट खातो, तरी खंगत जातो. पोटाखाली आणि पायांवर सूज येते, पुढेपुढे मागचे पाय लडखडतात. घोडेवाले याला कामाचा ताण समजून जंताचं औषध देतात, आणि मोलाचे आठवडे हातचे जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भलत्याच वेळी रक्त काढणं. सर्राचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये पंजाबातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. तो आपलं बाह्य आवरण सतत बदलतो. शरीर एका रूपाला ओळखून मारतं, तोवर दुसरं रूप वाढलेलं असतं. म्हणून ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. ताप असताना रक्तात परजीवी पुष्कळ असतात, उतरल्यावर शोधूनही सापडत नाहीत. डॉक्टर सवडीने आले, ताप नव्हता, रक्ताचा थर ओढलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाली, आणि घोडा दुसऱ्या दिवशी पुन्हा पर्यटकांना घेऊन वाळूत धावू लागला, असं घडायला नको. एका स्वच्छ काचपट्टीवर घोड्याला निरोगी ठरवू नका. सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहा. आराम करणाऱ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. ते त्यावर गेलं की त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा.

तापाचं इंजेक्शन आधी देऊन मग रक्त काढू नका. परजीवींवरचं औषध तर नमुना घेण्याआधी मुळीच नको. तसं केलंत तर घोड्याला काय झालं होतं हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही.

आता काचपट्टी. आपल्या दमट हवेत रक्ताचा थर हळू वाळतो आणि तांबड्या पेशींवर चमकदार ठिपके उठतात. नवखा माणूस त्यांनाच परजीवी समजतो. थर पातळ ओढा, लगेच हवेवर हलवून वाळवा, मिथेनॉलमध्ये पक्का करा, मुंग्या-माश्यांपासून झाकून ठेवा. सर्राचे जिवंत, वळवळणारे परजीवी पाहायचे तर रक्ताचा ताजा थेंब जागच्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली धरायला हवा. नळी पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोहोचेपर्यंत ते मेलेले असतात. तरी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी बर्फाच्या डब्यात (गोठवून नव्हे) पाठवाच, कारण पीसीआरला, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, परजीवी जिवंत लागत नाही.

गोचिडांतून येणाऱ्या आणि तांबड्या पेशींत शिरून गोचीडताप आणणाऱ्या बॅबेसिया कॅबाली आणि थायलेरिया इक्वी या परजीवींसाठी कानाच्या टोकाच्या बारीक शिरेतलं रक्त घ्या. बॅबेसिया कॅबाली तापातही बहुधा शंभरात एका पेशीतसुद्धा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-चार जागा पाहून काच बाजूला ठेवणं हा घोड्यावर अन्याय आहे.

डोळ्यांच्या पिवळेपणावरून निदान करू नका. घोडा दोन दिवस उपाशी राहिला तरी त्याचे डोळे पिवळे होतात. लाल-तपकिरी लघवीही नेहमी गोचीडतापाची नसते, अतिश्रमाने स्नायू फाटले तरी तसा रंग येतो.

अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, आणि निर्धास्तही राहू नका. थायलेरिया इक्वीची लागण एकदा झाली की घोडा बहुधा जन्मभर वाहक राहतो, म्हणून आजचा ताप त्याचाच असं ठरत नाही. उलट आजाराच्या पहिल्या दिवसांत अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात. तांबड्या पेशींचं प्रमाण, ताप, काचपट्टी, पीसीआर हे सगळं एकत्र पाहूनच ठरवावं लागतं.

सुई एका घोड्याला एकच! दुसऱ्या घोड्याला तीच टोचलीत, तर तपासणीच रोग पसरवते.

सर्रा सापडला की एवढ्या एका घोड्यावर थांबू नका. पागेतल्या प्रत्येक घोड्याचं रक्त तपासा, आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींचंही. म्हशी लक्षणं न दाखवता हा परजीवी बाळगून असू शकतात आणि गोमाशी त्यांच्याकडून थेट तुमच्या घोड्यावर येते.