बघणाऱ्याच्या टेबलावरही चालेल असा ब्रेडबोर्डचा व्हिडिओ

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या इंजिनीअरचं घोडं सहसा थिअरीत अडत नाही. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड) कुठली तार कुठल्या भोकात गेली ते दिसत नाही, तिथे अडतं. म्हणून पहिल्या व्हिडिओला छोटं सर्किट घ्या. ५५५ टायमरचा, म्हणजे ठरावीक वेळाने आउटपुट चालू-बंद करणाऱ्या आयसीचा, एलईडी ब्लिंकर (लुकलुकणारा दिवा) त्यासाठी उत्तम.

सामान: ५५५ आयसी, १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, १० आणि १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर, लाल एलईडी, त्याच्यासाठी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टचा सप्लाय.

जोडणी: पिन १ ग्राउंडला, ४ आणि ८ प्लसला. ८ ते ७ मध्ये १० किलोओहम, ७ ते ६ मध्ये ६८ किलोओहम. २ आणि ६ एकमेकांना जोडा, आणि तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, मायनस पाय ग्राउंडकडे. पिन ५ वरून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. ८ आणि १ मध्ये, आयसीला अगदी चिकटून, १०० नॅनोफॅरड. पिन ३ वरून ४.७ किलोओहम आणि एलईडी ग्राउंडला.

एलईडीला ४.७ किलोओहम जास्त वाटेल, पण ते कॅमेऱ्यासाठी आहे. ४७० ओहम लावले तर साधारण १२ मिलिअँपिअर वाहतात आणि व्हिडिओत लाल एलईडीचा पांढरा ठिपका होतो. एक-सव्वा मिलिअँपिअरला रंग नीट दिसतो.

आता कॅमेरा. फोन बोर्डाच्या बरोबर वर, ४०-५० सेंटिमीटरवर बसवा आणि थोडा झूम करा. फार जवळ आणला की हाताची सावली पडते. मागचाच कॅमेरा वापरा. सेल्फी कॅमेऱ्याची प्रतिमा बऱ्याचदा आरशासारखी उलटी साठवली जाते. आयसीच्या पिना वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात; आरशात ती दिशा फिरते आणि १ च्या जागी ८ येते. बघणाऱ्याने तसंच जोडलं तर आयसीला सप्लाय उलटा मिळतो आणि तो जळतो. आयसीची खाच डावीकडे ठेवा, म्हणजे पिन १ खाली डावीकडे येईल. सर्किट डायग्राममध्येही पिनांचे आकडे लिहा.

दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर हात चौकटीत आला की फोकस बोटांवर उडी मारतो. चित्रात पट्टे सरकत असतील तर दोष मेन्सवरच्या (घरच्या विजेवरच्या) दिव्यांचा: ५० हर्ट्झला शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० ठेवा. पिवळ्या उजेडात रेझिस्टरवरचा तपकिरी पट्टा लाल भासतो. म्हणून किंमत तोंडाने सांगा आणि मल्टिमीटरवर मोजूनही दाखवा.

सर्किट आधी पूर्ण जोडून चालवून बघा, मग उकलून कॅमेऱ्यासमोर पुन्हा जोडा. एक तार, एक वाक्य, मग हात बाहेर आणि दोन सेकंद शांत चौकट. बघणारा व्हिडिओ थांबवतो तो नेमका तिथेच. लांब ब्रेडबोर्डच्या सप्लायच्या पट्ट्या कधीकधी मध्येच तुटलेल्या असतात, हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासून दाखवा. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ त्यातच असतो.

सूत्र पडद्यावर आणा: वारंवारता = १.४४ / ((१० कि. + २ × ६८ कि.) × १० मायक्रोफॅरड), म्हणजे ०.९९ हर्ट्झ. सुमारे ०.५४ सेकंद चालू, ०.४७ बंद. पण इलेक्ट्रोलिटिकच्या किमतीत २० टक्के फरक सहज असतो. तो सांगितला नाही तर ‘माझा सव्वा सेकंदाला का लुकलुकतो?’ हा प्रश्न ठरलेला.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं उपकरण) असेल तर कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज ३ आणि ६ व्होल्टमध्ये झुलताना दाखवा. सप्लायचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश, यावरच अख्खं ५५५ उभं आहे. स्कोपचा प्रोब (मोजणीची तार) १० पटीवर ठेवा. एक पटीवर त्याचा एक मेगाओहमचा भार टायमिंग थोडं बिघडवतो. आणि बहुतेक टेबलावरच्या स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे ती थेट मेन्सच्या सर्किटला लावणं म्हणजे शॉर्ट. मेन्स नवशिक्यांच्या व्हिडिओत नकोच.

चुकाही मुद्दाम करून दाखवा. २ आणि ६ मधली तार काढली की लुकलुकणं थांबतं, एलईडी चालू किंवा बंद अडकतो. पिन ४ ग्राउंडला नेली की आउटपुट रिसेटमध्ये राहतं. कॅपॅसिटर उलटा लावणं मात्र फक्त सांगा, करू नका. तो गळतो, फुगतो, कधी फुटतोही.

प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या नवशिक्याला आवाज बंद करून, नुसतं बघून सर्किट जोडायला सांगा. तो जिथे अडेल त्या चौकटीवर पिनचा आकडा टाका.